चारची स्टिक बोर्डाला का कळेना?

ठाण्यातल्या चरईहून एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. वय ४७. घरी बसून डीटीपी करतात: लग्नपत्रिका, सोसायट्यांची परिपत्रकं, वर्षाकाठी एखाद्या निवृत्त मास्तरांचं आत्मचरित्र. कॉम्प्युटर २०१० साली असेंबल करून घेतलेला. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, ३२ बिटचं विंडोज ७, पानं लावायचं पेजमेकर ७, मराठी फॉन्टची श्रीलिपी आणि तिचं लॉक (ते जोडल्याशिवाय ती चालत नाही). रॅम (चालू कामाची मेमरी) २ जीबी, म्हणजे १-१ जीबीच्या दोन पट्ट्या, अर्थात स्टिक. मशीन फार रखडायला लागलं म्हणून त्यांनी स्टेशनजवळच्या एका दुकानातून ४ जीबीची डीडीआर३ (ही रॅमची एक पिढी) स्टिक ९०० रुपयांना आणली. लावली तर डिस्प्लेच येईना, नुसते बीप. मग ऑनलाइन ६५० रुपयांना दुसरी मागवली, तिचीही तीच गत. जुन्या स्टिक परत लावल्या की मशीन निमूट सुरू होतं. दुकानदार म्हणाला, "ताई, मदरबोर्ड गेलाय, नवीन सेट घ्या." मुलगा म्हणतो, "आई, भंगारात दे ते, माझा जुना लॅपटॉप वापर." त्या विचारतात: बोर्ड खरंच गेलाय का? दोघांनी मला फसवलं का? आणि मुलाचं न ऐकणं हा माझा हट्ट आहे का? दोन्ही स्टिकचे आणि उघड्या कॅबिनेटचे फोटो त्यांनी सोबत पाठवले आहेत.

नमस्कार ताई,

फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत. नाहीतर मला 'बहुतेक' आणि 'कदाचित' करत हे पान भरावं लागलं असतं.

बोर्ड गेलेला नाही. उत्तर तुमच्याच पत्रात आहे: जुन्या स्टिक लावल्या की मशीन सुरू होतं. गेलेला बोर्ड जुनी स्टिक, नवी स्टिक असा पंक्तिप्रपंच करत नाही. रॅम बदलून 'नो डिस्प्ले' आला की "बोर्ड गेला" म्हणायची आम्हा दुरुस्तीवाल्यांची जुनी खोड आहे. मीही नौपाड्यात दुकान होतं तेव्हा एका गृहस्थांचा चांगला बोर्ड असाच निकालात काढला होता. आठ दिवसांनी कळलं की स्लॉटमध्ये धुळीची गुठळी होती. पैसे परत केले, पण त्यांनी मला पुन्हा काही नमस्कार केला नाही.

मग नवीन स्टिक का चालेनात? कॅबिनेटच्या फोटोत रॅमच्या दोन स्लॉटांच्या बाजूला धुळीखाली बोर्डाचं नाव दिसतंय आणि त्यात 'जी४१' आहे. हे इंटेलच्या चिपसेटचं नाव. तुमचा बोर्ड कुठल्याही कंपनीचा असला तरी रॅमशी बोलणारा हा भाग इंटेलचा, आणि कुठली रॅम ओळखायची हे तोच ठरवतो. जी४१ आला २००८ साली. त्या वेळी रॅमवरचा एकेक काळा चौकोन, म्हणजे चिप, फार तर २ गिगाबिटचा असेल हे धरून तो बनवलेला. पुढे ४ गिगाबिटच्या चिप बाजारात आल्या. त्या नवीन बोर्डांनी ओळखल्या. तुमच्या बोर्डाला त्या वाचताच येत नाहीत. कधी अशी स्टिक अर्धीच दिसते, बहुतेक वेळा पडदाच उजळत नाही.

आता दुकानातली स्टिक बघा. तिच्या एकाच बाजूला ८ चिप आहेत, मागची बाजू कोरी. एका बाइटचे ८ बिट, म्हणून ४ जीबी म्हणजे ३२ गिगाबिट. त्याला ८ ने भागलं की एका चिपला ४ गिगाबिट. झालं, तिथेच अडलं. लेबलवरही '१आरएक्स८' असंच छापलंय. तुमच्या बोर्डाला ४ जीबीची स्टिक हवी तर तिच्यावर '२आरएक्स८' असायला हवं: दोन्ही बाजूंना आठ-आठ, एकूण १६ चिप, प्रत्येकी २ गिगाबिट.

"पण ऑनलाइन आलेलीवर तर सोळा आहेत!" असं तुम्ही म्हणाल. आहेत. तिच्या लेबलच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'एएमडी' लिहिलंय, ते तुमच्या नजरेतून सुटलं. रॅमची स्टिक प्रोसेसरला एका वेळी ६४ बिट पुरवते. नेहमीच्या स्टिकमधली प्रत्येक चिप त्यातले ८ बिट देते, म्हणून आठ चिपांचा एक संच होतो ('१आरएक्स८' म्हणजे असा एक संच, '२आरएक्स८' म्हणजे दोन). या स्वस्त स्टिकमध्ये प्रत्येक चिप फक्त ४ बिट देते, म्हणून एकाच संचाला सोळा लागतात. ही रचना एएमडीच्या त्या पिढीतल्या बऱ्याच डेस्कटॉप बोर्डांना चालते, इंटेलच्या साध्या डेस्कटॉप बोर्डांना चालत नाही. नुसत्या चिपा मोजून भागत नाही ते यासाठी. स्टिक स्वस्त का आहे, हे लेबल कोपऱ्यात सांगत असतं. आपण मात्र किंमत आधी वाचतो आणि लेबल नंतर.

तेव्हा फसवणुकीचं म्हणाल तर, ऑनलाइनवाल्याने मथळ्यात 'एएमडी' लिहिलं नसेल तर तो अर्धा दोषी आहे. दुकानदाराला मी फसवणारा म्हणणार नाही. त्याच्याकडे येणाऱ्या दहांपैकी नऊ मशीनवर ती स्टिक चालते. दहावं तुमचं. त्याला माहीत नव्हतं आणि 'माहीत नाही' म्हणण्यापेक्षा 'बोर्ड गेला' म्हणणं सोपं गेलं. माहितीतली ही उणीव तुम्हाला कामाची आहे, ते शेवटाकडे सांगतो.

लेबलवरच्या बाकीच्या अक्षरांनी घाबरून जाऊ नका. 'पीसी३-१२८००' म्हणजे १६०० वेगाची डीडीआर३. तुमचा बोर्ड तिला ८०० किंवा १०६६ वर चालवेल, त्यात नुकसान काही नाही. '१०६००' म्हणजे १३३३ ची, तीही चालते. 'पीसी३एल' मधला 'एल' म्हणजे दीडऐवजी १.३५ व्होल्टवरही चालणारी, अशी स्टिक दीड व्होल्टवर चालायला बनवलेलीच असते. आकड्यानंतरचं शेवटचं अक्षर मात्र बघायचंच. 'यू' हवं. 'एस' म्हणजे लॅपटॉपची आखूड स्टिक. 'आर' असेल तर ती सर्व्हरची. जुने सर्व्हर भंगारात निघाले की या 'आर'वाल्या स्टिक बाजारात ढिगाने येतात, दिसायला भारी, भावाला हलक्या, आणि आपल्याला शून्य उपयोगाच्या.

आता मी जरा आडवा प्रश्न विचारतो. तुम्हाला ४ जीबीची स्टिक हवीच कशाला?

तुमचं विंडोज ३२ बिटचं आहे. ते एकूण ४ जीबीपलीकडे बघूच शकत नाही, आणि त्यातलाही काही भाग ग्राफिक्स वगैरेंच्या पत्त्यांसाठी राखलेला असतो. हातात येतात तीन ते साडेतीन. म्हणजे ४-४ च्या दोन बरोबर स्टिक मिळाल्या असत्या तरी अर्ध्याहून अधिक रॅम नुसती बसून राहिली असती. तुम्हाला लागतात २-२ जीबीच्या दोन. गंमत अशी की २ जीबीच्या स्टिकला तुमच्या बोर्डाची ती अट आडवी येतच नाही. ८ चिप असतील तर प्रत्येकी २ गिगाबिट, १६ असतील तर प्रत्येकी १. दोन्ही बोर्डाला वाचता येतात. फक्त चारच चिप असलेली २ जीबीची स्टिक दिसली तर ती नको, हिशेब तुम्हीच करा. एकसारखी जोडी घेतलीत तर रॅमकडे जाणाऱ्या दोन्ही मार्गिका बरोबरीने चालतात, थोडा वेगही मिळतो. आणि २ जीबीच्या स्टिक आज कोणाला नकोशा झाल्यात. ज्याने त्याने ४ च्या घेताना काढून खणात टाकलेल्या असतात.

पण रॅमने काम होईल का, हे आधी तपासा. 'मशीन हळू झालं' हे आजारपणातल्या 'बरं वाटत नाही' सारखं आहे. पेजमेकर ७ आला २००१ साली. तेव्हा आम्ही १२८, फार तर २५६ एमबी रॅमवर दीडशे पानांची पुस्तकं लावायचो. त्याला तुमचे २ जीबी म्हणजे रिकामं मंगल कार्यालय. मग अडतं कुठे? तुमच्याच पत्रात एक वाक्य आहे: "गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतं, ते उतरवून घ्यायला ब्राउझर उघडला की सगळं थिजतं." थिजवणारा ब्राउझर आहे, ताई. त्यात विंडोज ७ साठी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, ती २०२३ च्या सुरुवातीला आली, पुढची नाही. विंडोज ७ चा सुरक्षा आधार तर १४ जानेवारी २०२० लाच संपला. त्या मशीनवर तुम्ही बँकेचं काम करत असाल तर हे पत्र खाली ठेवून आधी ते थांबवा.

खात्री करायची तर सुरू करा नेहमीचं काम, आणि स्टार्टमध्ये 'रिसोर्स मॉनिटर' शोधून उघडा. 'मेमरी'च्या पानावर 'हार्ड फॉल्ट्स'चा आलेख आहे. मशीन थिजतं तेव्हा तो सतत उसळत असेल तर रॅम कमी पडतेय. तो शांत असेल पण 'डिस्क'च्या पानावर निळी रेघ १०० टक्क्यांना चिकटून बसली असेल, तर रॅमचा दोष नाही, हार्ड डिस्कचा आहे. पंधराएक वर्षांची फिरती डिस्क आहे ती. मला रॅमपेक्षा तिचीच जास्त धास्ती वाटते. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' नावाचं फुकट सॉफ्टवेअर तिची तब्येत सांगतं. पिवळी किंवा लाल खूण दिसली तर त्याच दिवशी सगळ्या फायली, श्रीलिपीचे फॉन्ट आणि सेटअप बाहेरच्या डिस्कवर काढून घ्या. रॅम गेली तर ती नवी मिळते. मास्तरांचं आत्मचरित्र एकदा गेलं की ते पुन्हा सांगायला मास्तर तरी हवेत.

डिस्क दमलेली निघाली तर २४० किंवा २५६ जीबीची साधी साटा एसएसडी, म्हणजे फिरणारा भाग नसलेली डिस्क, घ्या. जुन्या बोर्डावर तिचा पूर्ण वेग मिळणार नाही, पण फिरत्या डिस्कला एखादी फाईल शोधायला जो वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट लवकर ती शोधते, आणि मशीन सुरू होताना, पेजमेकर उघडताना तुम्हाला तोच फरक जाणवतो. माझ्याकडे दोनपैकी एकाच गोष्टीचे पैसे असते तर मी एसएसडी घेतली असती. तुमच्या बाबतीत २ जीबीची जोडी इतकी स्वस्तात पडेल की दोन्ही करता येईल.

आता खरेदी. मिळणाऱ्या स्टिक वापरलेल्याच असतील, त्यात गैर काही नाही. गोखले रोड, राम मारुती रोड, स्टेशन परिसर, इथल्या दुरुस्तीच्या छोट्या दुकानांत आधी विचारा. चकाचक शोरूम नकोत. ज्याच्या टेबलावर उघडे बोर्ड पसरलेत असा माणूस शोधा. "डीडीआर३ रॅम आहे का?" असं विचारू नका. "जी४१ बोर्ड आहे, २-२ च्या दोन, डेस्कटॉपच्या, एकसारख्या" असं विचारा. शक्य असेल तर कॅबिनेटच घेऊन जा आणि डिस्प्ले आलेला बघूनच पैसे द्या. चरईतून रिक्षाचं भाडं ते काय. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जायचं झालं तर दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. जुनी स्टिक पिशवीत असू द्या: ती बोर्डावर चालते हे सिद्ध झालेलं आहे, तिचं लेबल दुकानदारासमोर ठेवलं की निम्मा वाद मिटतो. पावतीवर 'चालली नाही तर बदलून' एवढं लिहून घ्या.

लावताना पॉवर कॉर्ड काढा, मग मशीनचं बटण एकदा दाबून सोडा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा, मग स्टिकला. सोनेरी दातांवर खोडरबर हलकेच फिरवा, कीस ब्रशने झटका. खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत हे दात काळवंडतात, पावसाळ्यानंतर 'अचानक बिघडलेली' कित्येक मशीन नुसत्या खोडरबराने सुरू झालेली मी पाहिली आहेत. दोन्ही क्लिप टक् असा आवाज करून बसल्या पाहिजेत. स्टिक अडतेय असं वाटलं तर जोर लावू नका, खाच जुळतेय का ते बघा. काही जी४१ बोर्डांवर डीडीआर२ आणि डीडीआर३ असे दोन्ही प्रकारचे स्लॉट असतात, दोन्हींना २४० पिना, पण खाच वेगळ्या जागी. अशा बोर्डावर दोन्ही प्रकार एकदम लावायचे नसतात. सुरू झाल्यावर रात्रभर मेमटेस्ट हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर चालवा. सकाळी एकही लाल ओळ दिसली तर स्टिक परत. खराब रॅम दर वेळी मशीन बंद पाडत नाही, कधी ती फाईल गुपचूप नासवते, आणि पत्रिकेतला मुहूर्ताचा आकडा बदललेला छापून आल्यावर कळतं.

असंच अडलेल्या बाकीच्या वाचकांसाठी दोन ओळी. बोर्ड जी३१ असेल तर त्याची कमाल ४ जीबीच. एच६१ किंवा त्यानंतरचा डीडीआर३चा इंटेल बोर्ड असेल तर निश्चिंत राहा, एका बाजूची, ८ चिपांची ४ ची स्टिक चालते, एच६१ वर ८-८ च्या दोनही बसतात. बोर्डाचं नाव सापडत नसेल तर कॅबिनेट न उघडता 'सीपीयू-झेड' हे फुकट सॉफ्टवेअर ते सांगतं, आणि कुठल्या स्लॉटमध्ये काय बसलंय तेही.

राहिला तुमचा मुलगा. तो चुकीचं बोलत नाही आणि तुम्ही हट्टी नाही, कारण तुम्ही दोघं वेगवेगळ्या मशीनबद्दल बोलताय. तो इंटरनेटच्या मशीनबद्दल बोलतोय, आणि त्या कामाला तुमचा कॉम्प्युटर खरंच संपलाय. विंडोज १० चढवावं म्हणाल तर त्याचाही नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबला, आणि विंडोज ११ कोअर टू ड्युओला झेपणारं नाही. तुम्ही बोलताय ते पत्रिका लावायच्या मशीनबद्दल, ज्यावर श्रीलिपीचं लॉक आहे आणि पंधरा वर्षांच्या फायली आहेत. त्या फायली युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनला कळणाऱ्या अक्षर-संकेतात, नाहीत. फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडल्या की 'श्री गणेशाय नमः' च्या जागी रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. मुलाला हे एकदा उघडून दाखवा. मग 'भंगारात दे' म्हणणार नाही.

त्याचा लॅपटॉप मात्र घ्या. व्हॉट्सॲप, मेल, बँक, फोटो उतरवणं सगळं त्यावर. जुन्या मशीनचं इंटरनेट काढून टाका आणि फोटो पेन ड्राइव्हने न्या. पेन ड्राइव्ह लॅपटॉपवरच्या अँटिव्हायरसने तपासून, तेवढं पाळा. अशी विभागणी केलीत तर, खरं सांगतो, कदाचित आहे त्या २ जीबीतही मशीन सुरळीत चालेल. म्हणून क्रम असा ठेवा की आधी ब्राउझर लॅपटॉपवर हलवायचा, आठवडाभर काम करून बघायचं, आणि त्यानंतरच खरेदीला निघायचं. फावल्या वेळात जुनी कामं पीडीएफ करून ठेवत चला, आणि श्रीलिपीच्या विक्रेत्याला विचारा की तुमचं लॉक ६४ बिटच्या नव्या विंडोजवर चालेल का, नसेल तर बदलून काय द्यावं लागेल. हे उत्तर हातात असल्याशिवाय नवा कॉम्प्युटर घेऊ नका, कोणी कितीही आग्रह केला तरी.

आणि त्या ९०० रुपयांच्या स्टिकचं. ती अगदी चांगली आहे, नुसती चुकीच्या घरी आली. दुकानदाराला भांडायला जाऊ नका. त्याला म्हणा, "बोर्ड ठीक आहे, जी४१ आहे, त्याला ४ गिगाबिटच्या चिप चालत नाहीत. ही ठेवा आणि मला २-२ च्या दोन द्या." त्याच्याकडून ही स्टिक उद्या दुसरं गिऱ्हाईक घेईल, आणि तुम्हाला हव्या असलेल्या दोन बहुतेक त्याच्याच खणात पडलेल्या असतील. ऑनलाइनवालीची परत करायची मुदत संपली नसेल तर लेबलच्या त्या कोपऱ्याचा फोटो जोडून आजच तक्रार टाका.